हजार फुटांवरून पाच मिनिटांत खाली येऊ नये म्हणून: नव्या ग्लायडरवाल्यांसाठी

माझ्या लॉगबुकाची पहिली तीन पानं बघितली तर एकच रडगाणं आहे: ५ मिनिटं, ६ मिनिटं, ५, ५, ७, ५. चौथ्या पानावर मध्येच ५२ लिहिलंय. ग्लायडर तेच, विंच (केबलनं ओढून ग्लायडर वर चढवणारं जमिनीवरचं यंत्र) तीच, मैदानही पुण्यातलं हडपसरचंच. फरक एवढाच की त्या दिवशी मागच्या सीटवरच्या सरांनी व्हेरिओवर, म्हणजे आपण किती वेगानं चढतोय-उतरतोय ते दाखवणाऱ्या काट्यावर, रुमाल टाकला आणि म्हणाले, "आता बाहेर बघ."

ग्लायडर उडवायला शिकवणारे भेटतात, पण उठती हवा कशी शोधायची हे बहुतेकांना ठेचा खात कळतं. माझ्या ठेचा तुमच्या कामी याव्यात म्हणून हे लिहिते आहे. हे लिखाण म्हणजे प्रशिक्षकाला पर्याय नव्हे. त्यांच्या मागच्या सीटवरून येणारा शब्द शेवटचा.

आधी हिशोब समजून घ्या

इंजिन नाही म्हटल्यावर ग्लायडर कायम खालीच येत असतं. हवा शांत असेल तर शिकाऊ ग्लायडर सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे मिनिटाला २०० फूट उतरतं. विंचनं १००० फुटांवर सोडलं तर पाच मिनिटांत तुम्ही जमिनीवर. लॉगबुकातल्या पाच-पाच मिनिटांचं गूढ एवढंच.

आता ज्या हवेतून तुम्ही उतरताय तीच हवा सेकंदाला ३ मीटर वर चढत असेल, तर तुम्ही तिच्यात १ मीटरनं उतरूनही जमिनीपासून २ मीटरनं वर जाता. सरकत्या जिन्यावर उलटं, सावकाश उतरणाऱ्या माणसासारखं. घार पंख न हलवता तासन्‌तास फिरते ती याच हिशोबावर.

हवा वर चढते ती मुख्यतः तीन कारणांनी: ऊन लागून तापते म्हणून (थर्मल), डोंगरावर आपटून वर ढकलली जाते म्हणून (रिज), किंवा डोंगर ओलांडल्यावर लाटेसारखी उसळते म्हणून (वेव्ह). पुण्याच्या सपाटीवर नव्या माणसाचा संबंध येतो तो थर्मलशी, म्हणून इथे जास्त त्याच्याचबद्दल.

१. कागद आणि सामान जमवा

नुसती एक फेरी मारायची असेल तर ओळखपत्र आणि खरं वजन पुरतं. खरं म्हणतेय ते मुद्दाम. कॉकपिटमध्ये पाटी असते, कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजनाची. हलक्या माणसाच्या सीटखाली शिशाचं वजन ठेवावं लागतं, नाहीतर ग्लायडरचा तोल मागे जातो. लाजून दोन-चार किलो इकडेतिकडे सांगू नका.

शिकायचं असेल तर स्टुडंट पायलट लायसन्स लागतं. त्याला वय किमान १६ वर्षं आणि दहावी पास ही अट आहे. हे कागद तयार ठेवा:

- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसकट)
- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो
- डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरकडची वैद्यकीय तपासणी (घराजवळच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही, यात माझे तीन आठवडे गेले)
- लॉगबुक

केंद्रावर जाण्याआधी फोन करून उड्डाणं चालू आहेत का ते विचारा. विंच बंद, केबल तुटलेली, वारं उलटं, काहीही असू शकतं.

सामानात गोल काठाची मऊ टोपी आणि गॉगल घ्या. पुढे चोच असलेली टोपी नको, ती नेमकी वरचं आकाश झाकते आणि दुसरं ग्लायडर तिथूनच येतं. पाणी भरपूर. मे महिन्यात काचेच्या झाकणाखाली बसणं म्हणजे तव्यावर बसणं आहे, आणि तहानलेल्या डोक्यानं घेतलेले निर्णय भिकार असतात.

जाता जाता एक मजा सांगते. नागरी उड्डाण खात्यानं आपल्याकडे रेखलेल्या ग्लायडरांची नावं अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा अशी आहेत. कृत्तिकेच्या जागी कार्तिक घेतला की नक्षत्रांचा क्रम सरळ लागतो. रोहिणीत दोघं शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे सरांचा चेहरा दिसतो. ते बरं की वाईट, हे तुमच्या लँडिंगवर अवलंबून.

२. दिवस पारखून घ्या

उन्हाळा चांगला, एवढं सगळेच सांगतात. पण सगळे उन्हाळी दिवस सारखे नसतात.

सकाळी उठून कुठेतरी चुलीचा किंवा पाचट जाळल्याचा धूर दिसतोय का बघा. धूर थोडा वर जाऊन आडवा पसरत असेल तर वर गरम हवेचं झाकण बसलंय. ते झाकण ऊन तापून फुटेपर्यंत थर्मल निघणार नाहीत. थंडीत ते फुटायला दुपार होते, एप्रिलमध्ये बरंच लवकर फुटतं.

मग एक सोपं गणित. तापमानातून दवबिंदू वजा करा, उत्तराला ४०० नं गुणा. ढगाचा तळ जमिनीपासून साधारण तेवढ्या फुटांवर येईल. दुपारी ३७ अंश आणि दवबिंदू १३ असेल तर २४ गुणिले ४००, म्हणजे ९६०० फूट. यामागचं कारण असं: कोरडी हवा वर जाताना दर १००० फुटांना सुमारे ३ अंश थंड होते, दवबिंदू मात्र खूपच सावकाश घटतो; दोघे जिथे भेटतात तिथे ढग. हवा फारच कोरडी असेल तर ढग धरतच नाहीत, थर्मल मात्र असतात. अशा निळ्या दिवशी शोधायला जास्त कष्ट पडतात.

हडपसरला तुम्हाला ९६०० फूट वापरायला मिळणार नाहीत, हेही सांगून ठेवते. लोहगावचा हवाई दलाचा तळ जवळ आहे, त्यामुळे किती उंच आणि कुठवर जायचं हे ठरलेलं असतं. ती मर्यादा म्हणजे भिंत समजा.

आणि वळीव. दुपारी तीननंतर पूर्वेला फुलकोबीसारखा ढग उभा राहायला लागला, वरचा भाग ऐरणीसारखा पसरला, की तो कितीही लांब वाटला तरी खाली उतरा. नव्या माणसाला हा ढग मोहात पाडतो, कारण त्याच्याखाली लिफ्ट, म्हणजे उठती हवा, झकास असते. १९२६ साली जर्मनीत वासरकुप्पे डोंगरावर माक्स केगेल नावाचा पायलट असाच वादळी ढगात ओढला गेला आणि ५५ किलोमीटरवर जाऊन उतरला. तेव्हा तो विक्रम ठरला, पण केगेलनं तो ठरवून केला नव्हता. वळवाच्या आधी धुळीचं जे वारं सुटतं ते मैदानावर उभं केलेलं ग्लायडरही उलथवतं, हवेतल्याचं काय घेऊन बसलात.

३. केबल जोडायच्या आधी रान वाचा

विंचच्या रांगेत अर्धा तास जातोच. तो मोबाइलमध्ये घालवू नका. आजूबाजूची जमीन कुठे तापतेय ते बघा.

कोरडं नांगरलेलं रान, कातळ, माळ, पत्र्याच्या शेड, मोठ्या गच्च्या, डांबर हे सगळं लवकर तापतं. ऊस, पाणी दिलेलं शेत, तलाव, कालव्याची कड हे थंड राहतं, आणि तिथे हवा उतरते. काळी जमीन बघून हुरळू नका. कोरडी असेल तर उत्तम, पण ओली काळी जमीन ही उन्हाचं सगळं भांडवल पाणी वाळवण्यात घालवते.

नुसतं तापणं पुरत नाही. तापलेली हवा जमिनीला चिकटून बसते, तिला उचकटायला काहीतरी लागतं. झाडांची रांग, टेकडीचा उंचवटा, उसाची आणि नांगरटीची सीमा, कधीकधी तर चालता ट्रॅक्टर. म्हणून शेताच्या मध्यावर न जाता वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या कडेला जा.

दिसणाऱ्या खुणांमध्ये मी असा क्रम लावते:

- पंख पसरून गोल फिरणाऱ्या घारी. पंख मारत उडणारी घार तिच्या पोटापाण्याच्या मागे आहे, तिला सोडा. कचऱ्यावर आणि मटणाच्या दुकानांवर घिरट्या घालणाऱ्या घारींनी मला अनेकदा फसवलंय. बघायचं ते एकच: ती फिरताना उंच होतेय का?
- वावटळ. धूळ-पाचोळा गोल फिरत वर जातोय म्हणजे थर्मल डोळ्यांना दिसतोय. वरून गाठायला उत्तम, पण कमी उंचीवर तिच्या जवळपास फिरकू नका.
- नुकता धरणारा ढग. कडा रेखीव आणि तळ सपाट, गडद असेल तर जिवंत. कडा विसविशीत झाल्या की तो थर्मल मेलेला आहे, त्याच्याखाली सिंक, म्हणजे उतरती हवा, मिळेल. नवे लोक मोठा ढग बघून धावतात आणि नेमके त्याच्या तेराव्याला पोचतात.

४. केबल सुटल्यावर पहिलं एक मिनिट

विंचच्या चढाईच्या टोकाला नाक खाली करा, रिलीजचा गोळा दोनदा ओढा, वेग स्थिर करा. इथे घाई होते. छाती धडधडत असते आणि व्हेरिओचा काटा उडत असतो. चढाईतला उरलेला वेग उंचीत बदलतोय म्हणून साधा व्हेरिओ "वर, वर" सांगतो. स्टिक मागे ओढलीत तरीही तेच. भरपाईची सोय असलेला व्हेरिओ हा खोटेपणा बराचसा टाळतो, पण जुन्या ग्लायडरात ती असेलच असं नाही. वेग स्थिर नसेल तोवर व्हेरिओचं काही ऐकू नका.

जाताना वाटेत सिंक लागणारच. जितकी हवा वर जाते तितकी कुठेतरी खाली यायलाच हवी. सिंकमध्ये नाक खाली करून वेग वाढवा आणि पटकन बाहेर पडा, लिफ्टमध्ये हळू व्हा. मन सांगतं नेमकं उलटं, "खाली जातोय, नाक वर कर." मन चुकतं.

थर्मलची पहिली खबर कमरेला लागते. सीट खालून हलकेच ढकलते. त्याआधी बहुतेक वेळा सिंक अचानक वाढलेला असतो, तो थर्मलचा काठ. एक पंख उचलला गेला तर थर्मल त्याच बाजूला आहे. ग्लायडर मात्र दुसऱ्या बाजूला झुकून पळायला बघतं, आणि तुम्ही तसंच जाऊ दिलंत तर थर्मलनं तुम्हाला बाहेर टाकलं म्हणून समजा. उचललेला पंख दाबा आणि तिकडे वळा.

लगेच मात्र वळू नका. लिफ्ट वाढतेय तोवर सरळ जा, मनात "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणा, आणि वाढ थांबली की वळा.

५. वर्तुळ मध्यावर आणा

सगळं कसब इथे आहे.

पहिली चूक म्हणजे सपाट, भित्रं वळण. ताशी ९० किलोमीटरनं उडताना ३० अंश बँक (वळताना पंखांचा कल) दिलात तर वर्तुळाची त्रिज्या ११० मीटर होते आणि एक फेरी २८ सेकंदांची. ४५ अंश दिलात तर त्रिज्या ६४ मीटर, फेरी १६ सेकंदांची. कमी उंचीवर थर्मल अरुंद असतो. भित्र्या वळणात तुम्ही त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहता, गाभाऱ्यात जातच नाही.

पण ४५ अंशाला स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख ग्लायडरला पेलू शकत नाहीत तो) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. सरळ उड्डाणात ६५ ला स्टॉल होणारं ग्लायडर इथे ७७ ला होईल. म्हणून आधी वेग, मग बँक. आणि समोरच्या काचेवरचा लोकरीचा धागा सरळ ठेवा. कॉकपिटातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारं उपकरण तेच. धागा तिरका म्हणजे ग्लायडर आडवं घसरतंय आणि मिळालेली लिफ्ट वाया जातेय.

आता मध्य शोधायचा. दोन रीती आहेत.

पहिली: लिफ्ट वाढतेय असं वाटलं की वळण थोडं सैल करा, कमी होतेय असं वाटलं की घट्ट करा. आपोआप तुम्ही चांगल्या बाजूला सरकता.

दुसरी मला जास्त आवडते, कारण तिला खुणा लागतात आणि खुणांसाठी बाहेर बघावंच लागतं. एक पूर्ण फेरी बँक न बदलता मारा. वर्तुळाची कुठली बाजू चांगली होती ते लक्षात ठेवा. समजा दिवे घाटाच्या बाजूला कमरेला जास्त ढकललं. पुढच्या फेरीत नाक दिवे घाटाकडे आलं की दोन सेकंद पंख सपाट करा आणि पुन्हा तेवढ्याच बँकमध्ये या. अख्खं वर्तुळ तिकडे सरकतं. मग परत एक फेरी, परत तपासणी. काटा थोडा उशिरा बोलतो, म्हणून त्यानं जिथे "छान" म्हटलं त्याच्या जरा आधीची जागा खरी. सरांनी रुमाल टाकला तो याचसाठी. काट्याच्या मागे धावणारा कायम काल चांगल्या असलेल्या हवेत पोचतो.

दोन फेऱ्यांत जमलं नाही तर दिशा बदलू नका. डावीकडून उजवीकडे वळण बदलताना सगळे थर्मल हरवतात, मीही हरवते.

वारं असेल तर थर्मल वाऱ्याबरोबर वाहतो आणि वर तिरका होतो. हरवला तर आधी वाऱ्याच्या दिशेनं, म्हणजे वारं येतंय तिकडे शोधा.

६. आत दुसरं कोणी असेल तर

जो आधी आत आहे तो ज्या बाजूला वळतोय त्याच बाजूला तुम्हीही वळायचं, तुमची आवडती बाजू कुठलीही असो. बाहेरून येऊन वर्तुळाच्या काठाला लागा, आत घुसू नका. ज्याला तुम्ही दिसत नाही अशा जागी, म्हणजे थेट त्याच्या खाली किंवा मागे, राहू नका. तो नजरेआड झाला तर थर्मल सोडा. घारींनाही हाच नियम लावा. त्या तुम्हाला बघून सहसा बाजूला होतात, पण "सहसा" या शब्दावर आपली काच पणाला लावू नये.

७. कुठे थांबायचं ते जमिनीवरच ठरवा

एका एप्रिलमध्ये मी ६०० फुटांवर एका अर्ध्यामुर्ध्या थर्मलमध्ये चार फेऱ्या मारल्या. मिळालं शून्य. पश्चिमेचं वारं मला मैदानापासून दूर नेत होतं आणि मी काट्याकडे बघत होते. सर्किट (उतरण्याआधीचा मैदानाभोवतीचा ठरलेला फेरा) कापून, एका बाजूनं कशीबशी आत येऊन उतरले. कोणाला काही झालं नाही. महिनाभर मला एकटीला सोडलं नाही आणि ते बरोबरच होतं.

हिशोब करून बघा. वारं ताशी २० किलोमीटर असेल आणि तुम्ही दहा मिनिटं गोल फिरलात तर सव्वातीन किलोमीटर वाहून गेलात. परतताना ९० च्या वेगातले २० वाऱ्यानं खाल्ले, उरले ७०. म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं, आणि शांत हवेतसुद्धा ६०० फूट खर्च. वाटेत सिंक लागला तर दुप्पट. सर्किटसाठी लागणारी उंची याच्यावर वेगळी.

म्हणून एक उंची ठरवा, कागदावर लिहून पॅनेलला चिकटवा. माझी ७०० फूट आहे. तुमची प्रशिक्षक सांगतील ती. तिच्याखाली एकही शोध-फेरी नाही. नेमकं तेव्हाच घार शेजारी येऊन चढायला लागते. लागू दे. तुम्ही सर्किटचे डाउनविंड, बेस, फायनल हे टप्पे पूर्ण करा, एअरब्रेक तपासा, उतरा.

८. डोंगर आणि लाट, थोडक्यात

रिज लिफ्ट समजायला पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा बघा. कोकणातून आलेलं वारं कड्यावर आपटतं आणि पडणारं पाणी वर फेकतं. ग्लायडर याच पट्ट्यात कड्याला समांतर येरझाऱ्या घालतं. वासरकुप्पेवर १९२२ साली जर्मन विद्यार्थ्यांनी उतारावरच्या अशाच हवेत पहिल्यांदा तासांच्या हिशोबात उड्डाणं केली. कामशेतला पॅराग्लायडरवाले हेच करतात. नियम दोन. वळण नेहमी डोंगरापासून बाहेरच्या बाजूला. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट द्या, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागाच नाही.

वेव्ह हे वेगळंच जग. अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लाटेत २००३ साली क्लाउस ओलमाननं ३००९ किलोमीटरचं उड्डाण केलं आणि २०१८ मध्ये पर्लान २ हे ग्लायडर ७६,००० फुटांवर गेलं. तुमचं-माझं पुढचं ठिकाण त्यामानानं शेजारच्या गल्लीतलं आहे: सिल्व्हर बॅज. ५ तासांचं उड्डाण, १००० मीटर उंची कमावणं आणि ५० किलोमीटर अंतर. त्यातलं ५० किलोमीटर हडपसरच्या मर्यादेत बसत नाही, त्यासाठी मोकळं आकाश असलेला क्लब गाठावा लागतो.

९. उतरल्यावर वही काढा

लॉगबुक सरकारसाठी असतं. आपली एक वेगळी वही ठेवा. थर्मल कुठे सापडला, किती वाजता, वारं कुठून होतं, कुठल्या खुणेवरून गेलात आणि तिथे खरंच काही होतं का, एवढ्या चार ओळी. फसलेलेही लिहा, तेच जास्त कामाचे.

मी एक हंगामभर लिहिलं. रोज तलावापलीकडच्या टेकडीकडे धावायची सवय होती, कारण ती दिसायला झोकात होती. वहीत मोजलं तर टेकडीवर तीन थर्मल आणि विंचमागच्या पत्र्याच्या शेडच्या रांगेवर अकरा.